रुजू होण्याची तारीख

बेबीमावशीच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि घरचं कार्य असूनही ज्ञानूमामाने क्लॅरिनेट वाजवली नाही, ते साल २०४१. बार्शीत त्या वैशाखात ऊन असं तापलं होतं की मांडवाच्या लोखंडी खांबाला हात लावला तर चटका बसायचा. बँडची पोरं नव्या सिनेमांची गाणी वाजवून दमली, आणि पाठवणीची वेळ झाली तेव्हा सगळ्यांच्या नजरा मामाकडे वळल्या. उभं आयुष्य मामाने तालुक्यातली लग्नं वाजवली होती. त्याची क्लॅरिनेट सुरू झाली की ज्या बाया रडायचं नाही असं ठरवून आलेल्या असायच्या, त्याही पदर डोळ्यांना लावायच्या.

"तोंडाला फोड आलाय," मामा म्हणाला. "फुंकता येत न्हाई."

"काल तर मूठमूठ भजी खाल्लीस की," बेबीमावशी म्हणाली. ती मामाची धाकटी बहीण, त्याला कधी सोडायची नाही.

"भजी खायाला फुंकावं लागत न्हाई."

मांडवात हसू पिकलं. हर्षदाही पोट धरून हसली. ते हसणं पुढे तिला फार दिवस टोचत राहिलं.

हर्षदा ही मामाच्या थोरल्या बहिणीची मुलगी. आई गेली तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती; बापाने दुसरा संसार थाटला आणि तो तिकडचाच झाला. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मामा तिला खांद्यावर बसवून बँडबरोबर न्यायचा, त्यामुळे लहानपणी तिला वाटायचं की जग म्हणजे एक न संपणारं लग्न आहे. मामाने तिला सोलापुरात इंजिनिअर केलं. कसं केलं ते तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

त्यानंतरची तीन वर्षं ती नोकरी शोधत होती. शोधत होती म्हणजे घरात बसून यंत्रांशी बोलत होती. अर्ज यंत्र वाचायचं, कोडी यंत्र घालायचं, उत्तरं यंत्र तपासायचं. तीन वर्षांत एकाही माणसाने तिची मुलाखत घेतली नव्हती. नकार येताना तो गोड भाषेत यायचा, आणि पुष्कळदा यायचाही नाही. सुरुवातीला ती प्रत्येक मुलाखतीला नवा ड्रेस घालून बसायची. मग इस्त्रीचा. मग नुसता धुतलेला. शेवटी शेवटी वरचा चांगला आणि खाली घरातला परकर, कारण यंत्राला कंबरेच्या वरचंच दिसायचं. वाईट याचं वाटेनासं झालं होतं, आणि मामीला त्याचंच फार वाईट वाटायचं.

लग्न झालं त्याच महिन्यात पुण्याच्या, हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीतून कळवणं आलं. पहिल्या तीन फेऱ्या पार पडल्या होत्या. आता घरची फेरी.

घरच्या फेरीची तेव्हा सगळीकडे चर्चा होती. उमेदवाराला ओळखणाऱ्या पाच जणांना कंपनीचं यंत्र फोन करायचं आणि प्रत्येकाशी सावकाश, जिव्हाळ्याने बोलायचं. समोरचा बार्शीचा असेल तर बार्शीच्या वळणाने, मालवणचा असेल तर मालवणच्या. आवाज बाईचा होता. पोरांनी तिला नाव दिलं होतं, चौकशीबाई.

यामागचं शास्त्र असं होतं. माणूस स्वतःबद्दल बोलताना सावध असतो, म्हणून त्याच्या मुलाखतीतून फार काही हाती लागत नाही. पण त्याच्याबद्दल पाच माणसं बोलू लागली की खरं काय ते बोलण्याच्या चालीतून कळतं. खरी आठवण सांगताना माणूस अडखळतो, मागे जातो, चूक दुरुस्त करतो, "न्हाई न्हाई, ते त्याच्या आधीचं" असं म्हणतो. पाच जणांच्या आठवणी पाच तऱ्हेच्या निघतात. पण एखादी गोष्ट लपवायची असं आधी ठरलेलं असलं की त्या जागी सगळ्यांचं बोलणं एकदम गुळगुळीत होतं. अडखळणं थांबतं. पाचही जण एकाच चालीत बोलतात. यंत्र काय लपवलंय ते ओळखत नसे. कुठे लपवलंय ते ओळखत असे, आणि मग त्याच जागी पुन्हा पुन्हा, लाडीगोडीने बोट लावत असे.

लोकांनी यावर एक उपाय काढला होता. तो कुणी शिकवला ते माहीत नाही, पण दोन-तीन वर्षांत गावोगाव पोचला. उमेदवाराला घरातलं काही सांगायचं नाही. त्याला माहीतच नसलं तर त्याच्या आवाजात ते उतरणार कसं? त्यामुळे ज्या घरात उमेदवार असे, ते घर मुकं होई. भावाचं दुकान बुडालं, बहीण माहेरी येऊन बसली, आईला गाठ झाली, सगळं निकाल लागेपर्यंत दाराबाहेर. उमेदवारासमोर सगळे हसतमुख.

फोन येणार त्या दिवशी मामाने हर्षदाला घराबाहेर काढलं. ती मार्केट यार्डात जाऊन तुरीच्या पोत्यांच्या सावलीला बसली. परत आली तेव्हा मामी भाकऱ्या थापत होती आणि फार खुशीत होती.

"काय विचारलं गं मामी?"

"लई गोड बाई. मी सांगितलं, पोरगी मान खाली घालून जाती, मान खाली घालून येती. कुणाला उलटून बोलत न्हाई. मोठ्यांच्या शब्दाबाहेर न्हाई."

हर्षदाने कपाळाला हात लावला. "मामी! त्यांना उलटून बोलणारी माणसं पाहिजेत. आपल्या डोक्याने चालणारी."

"आणि पुरणपोळी येती म्हणून सांगितलं."

"अगं, नोकरीची चौकशी होती ती. सोयरीक जमवत होतीस काय?"

"मग? नोकरीवरची माणसं जेवत न्हाईत व्हय?"

मामा खाटेवर उशीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "बाईला मी म्हनलं, बाई, आधी तुम्ही जेवलात का? ती म्हणाली, मला भूक लागत नाही. मी म्हनलं, मग आमच्या पोरीला काय कळंल तुमचं दुखणं, ती तर सारखी खाती." आणि तो हसला, आणि हसता हसता उठून मोरीकडे गेला, आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

हर्षदाला तेव्हा एवढंच कळलं की पाचही जणांनी सोयरिकीचीच उत्तरं दिली होती. सोयरिकीत घरात कुणी आजारी आहे का असं विचारलं की आपल्याकडे एकच उत्तर ठरलेलं असतं. मामीने ते दिलं, बेबीमावशीने दिलं, शेजारच्या रज्जाकचाचांनी दिलं, कॉलेजच्या निंबाळकर सरांनीही दिलं. घरी सगळे ठणठणीत. आणि मामाने तर स्वतःच सांगितलं, "मला काय धाड भरलीय?"

हर्षदा त्या फेरीतही पास झाली. तिला आश्चर्य वाटलं. मामी म्हणाली, पुरणपोळीमुळे.

शेवटची फेरी पुण्याची होती. निवडीच्या उंबरठ्यावर आलेल्या सगळ्यांना कंपनीने एका वसतिगृहात आणून ठेवलं होतं. दिवसभर कंपनीची खरी कामं करायची, आणि संध्याकाळी खोलीत बसून चौकशीबाईशी बोलायचं. मेसमध्ये जेवताना सगळ्यांची तोंडं सारखी दिसत; आईबापांनी स्टेशनवर बसवून ठेवलेल्या पण गाडीचा पत्ता नसलेल्या माणसांसारखी. कुणाचं हे आठवं वसतिगृह होतं, कुणाचं दहावं. एकजण झोपेत मुलाखतीची उत्तरं बोलायचा. त्याच्या खोलीतल्या मुलाला ती पाठ झाली होती.

हर्षदाच्या खोलीत अकलूजची रेश्मा तांबोळी होती. उंच, तोंडाची फटकळ, आणि चहाशिवाय सकाळी कुणाशी न बोलणारी.

"घरून फोन येतो?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"रोज."

"गोड बोलतात?"

"मामा आहे माझा. तो गोडच बोलतो."

"फार गोड बोलायला लागले की समज," रेश्मा म्हणाली. "गेल्या वर्षी मी अशीच एका कंपनीच्या फेरीत होते. अम्मी रोज फोनवर खिदळायची. मी म्हटलं, वा, घरी आनंदीआनंद आहे. माझे दादा वारले होते, हर्षदा. माझ्या अब्बांचे वडील. रमजानमध्ये गेले आणि मला ईद झाल्यावर सांगितलं. मातीसुद्धा देऊ दिली नाही मला. आणि निवड झाली नाही ती नाहीच."

"आमच्याकडे असं होणार नाही. मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही."

रेश्माने चहाचा घोट घेतला.

संध्याकाळची बोलणी लांबत चालली. चौकशीबाई कामाचं विचारे, मग इकडचं तिकडचं. तिचा आवाज मामीच्या वळणाचाच होता, आणि दमलेल्या माणसाला असा आवाज फार जवळचा वाटतो. एकदा तिने विचारलं, "हर्षदाताई, घरी मामा कसे आहेत?"

"ठणठणीत. मला काळजीच नाही त्यांची."

चौकशीबाई थांबली.

ती कधी थांबत नसे. तिच्याकडे विचार करायला वेळ लागावा असं काही नव्हतं. पण त्या वेळी ती थांबली, आणि मग म्हणाली, "बरं वाटलं ऐकून." हर्षदाला वाटलं, नेटवर्क गेलं असेल.

पोळ्याच्या सुमाराला निकाल लागला. दोघींचीही निवड झाली होती. रेश्मा खाटेवर उभी राहून नाचली. हर्षदाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिला फक्त झोप आली. मग रेश्माने विचारलं, "कधी रुजू व्हायचंय? माझं एक ऑक्टोबर."

हर्षदाने पाहिलं. "एक मार्च."

"मार्च? चुकलं असेल. विचार."

तिने विचारलं. चौकशीबाई म्हणाली, "अभिनंदन, हर्षदाताई. तारीख बरोबर आहे. तुमच्या घरच्या परिस्थितीला सोयीची अशी निवडली आहे."

"माझ्या घरची कसली परिस्थिती?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे माहीत आहे?"

"ते मला सांगता येत नाही, हर्षदाताई."

रेश्मा खाटेवरून खाली उतरली होती. तिने मागच्या वर्षीच्या फेरीच्या वेळी या यंत्राची सगळी कुंडली काढली होती. ती सांगू लागली तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

हे यंत्र मुळात दवाखान्यासाठी निघालं होतं. माणूस बोलतो तो श्वासावर बोलतो. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साठू लागतं, आणि हे माणसाला कळायच्या आधी त्याच्या बोलण्यात येतं. वाक्यं आखूड होतात. श्वास नको तिथे घेतला जातो. लांबवलेला स्वर शेवटाला बारीक थरथरतो. आपल्या कानाला ते ऐकू येत नाही, यंत्राला येतं. आणि असे लाखो आवाज ऐकून यंत्र अंदाजही करतं, की हा माणूस साधारण किती दिवसांचा सोबती आहे. दवाखान्यांतून ते फोनमध्ये आलं आणि फोनमधून कंपन्यांत. सरकारने कायदा केला: कुणाचा आजार त्याच्या संमतीशिवाय कुणाला सांगायचा नाही, आणि घरच्याच्या आजारपणावरून कुणाला नोकरी नाकारायची नाही. कंपनी कायदा मोडत नव्हती. सांगत नव्हती, नाकारतही नव्हती. नोकरीला लागल्यावर लगेच घरी मरण झालं तर माणूस सुट्ट्या काढतो, कामात लक्ष लागत नाही, कधी कधी सोडूनच जातो. म्हणून यंत्र फक्त तारीख काढत होतं. सगळं आटोपल्यानंतरची.

हर्षदाने घरी फोन लावला.

"मामा, कसा आहेस?"

"मला काय धाड भरलीय? निकाल काय ते सांग."

ती ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती मामाचं बोलणं सोडून त्याचा श्वास ऐकत होती. हा माणूस क्लॅरिनेटवर अख्खी ओळ एका दमात काढायचा, आणि आता 'निकाल काय' म्हणून तो थांबत होता आणि मग 'ते सांग' म्हणत होता. तिला मांडवातलं ते हसू आठवलं.

"लागली नोकरी," ती म्हणाली. "सांगायला येतेय घरी."

घरी पोचली तेव्हा मामा खाटेवर बसूनच होता. पाय सुजून गुळगुळीत झाले होते. ते त्याने चादरीखाली ओढले. झोपताना त्याला तीन उशा लागत होत्या. मामी दाराआड उभी राहून रडत होती, आणि हर्षदाला एका क्षणात कळलं की बेबीमावशीपासून रज्जाकचाचांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त तिला.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून," मामी म्हणाली.

"आणि औषध?"

मामीने मामाकडे पाहिलं. मामाच म्हणाला, "दवाखान्यात गेलं की आरोग्य कार्डावर आजाराचं नाव चढतं. कार्डावर चढलं की त्यांना दिसतं. म्हणून गेलो न्हाई. पण लागली न्हवं नोकरी? कसा फसवला यंत्राला! बाई म्हणाली, मामा, दम लागतो का? मी म्हनलं, बाई, दम आमचा धंदाय."

त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की हर्षदाला त्याच्यावर ओरडायचं होतं ते ओरडता आलं नाही. कार्ड कंपनीला दिसत नसतं, हेही तिने तेव्हा सांगितलं नाही. ती त्याच्या सुजलेल्या पायांशी बसली.

"फसली नाही ती, मामा. तिला सगळ्यांच्या आधी कळलं. म्हणूनच तर तिने तारीख मार्चची काढली."

दुसऱ्या दिवशी त्याला सोलापूरला नेलं. डॉक्टर तरुण होता, चिडला. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी आहे. आधी आला असता तर हे इथवर आलंच नसतं. त्याने गोळ्या दिल्या, मीठ तोडायला सांगितलं. पाणी उतरत गेलं. दिवाळीपर्यंत पायांची सूज गेली, तीन उशांवरून मामा एका उशीवर आला, आणि संक्रांतीला तो काठी न घेता रज्जाकचाचांच्या दुकानापर्यंत जाऊन त्यांना शिव्या देऊन आला. यंत्राने मोजला होता तो आजार लपवणाऱ्या माणसाचा श्वास. औषध घेणाऱ्या माणसाचा नव्हे.

फेब्रुवारीत चौकशीबाईचा फोन आला. रुजू होण्याआधीची विचारपूस, ती म्हणाली. मामा या वेळी खरं बोलला. गोळ्या चालू आहेत, बरं वाटतंय, भूक लागते. बोलून झाल्यावर त्याने हर्षदाकडे पाहून मान डोलावली, जशी तो चांगलं वाजल्यावर डोलवायचा.

दोनच दिवसांत नवी तारीख आली. एक मार्च नाही, एक ऑगस्ट.

मामाने ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे माझ्यापायी?"

"नाही मामा. त्यांचं काहीतरी काम अडलं असेल."

हर्षदा खोटं बोलली आणि ते गुळगुळीत निघालं. एकदाही अडखळली नाही ती. मामाला यंत्र लागलं नाही.

त्यानंतर मामा फार चांगला वागू लागला. वेळेवर गोळ्यांचा डबा मागे, पाणी मागे, डबा रिकामा करून परत देई. पण पाडव्याच्या सुमाराला त्याची सूज परत आली. जिना चढताना तो मधे थांबू लागला. डॉक्टर म्हणाला, गोळ्या चालू असताना असं व्हायला नको. डोस वाढवला. सूज उतरेना.

क्लॅरिनेट दर उन्हाळ्यात काढून पुसायची असा घरचा रिवाज होता. ते काम लहानपणापासून हर्षदाचं. तिने पेटी उघडली, तुकडे जोडले, आणि वाद्य उचललं तर आत काहीतरी खुळखुळलं. खालच्या कर्ण्यात कापडाचा बोळा कोंबला होता. तिने तो ओढून काढला आणि तिच्या मांडीवर गोळ्या सांडल्या. पांढऱ्या, पिवळ्या, अर्धवट विरघळलेल्या, परत वाळलेल्या.

मामा खाटेवरून पाहत होता.

"हे काय आहे?"

"ठेव ते आत."

"मामा, हे काय आहे?"

"किती दिस थांबतील ते लोक?" मामा म्हणाला. त्याला एका दमात बोलता येत नव्हतं, आणि आता तो ते लपवतही नव्हता. "एकदा ठरवून दिलेली तारीख... माझ्याच्यानं पाळता आली न्हाई. मीच बरा झालो. माझीच चूक झाली, हर्षे. बँडवाल्यानं येळ चुकवायची नसती."

हर्षदाने मांडीवरच्या गोळ्या एकेक करून वेचल्या. तिला राग आला नाही. गेल्या साऱ्या वर्षांचा शीण एकदम अंगावर आला: ते वरचे चांगले ड्रेस, ती गोड उत्तरं, वसतिगृहातली ती तोंडं. एवढ्या सगळ्याच्या शेवटी नोकरी मिळाली होती, आणि तिच्या आड एक जिवंत माणूस येत होता.

रेश्मा तिकडे मजेत होती. पगार चांगला होता, काम आवडत होतं. तिने हे सगळं फोनवर भाबडेपणाने सांगितलं होतं. ही नोकरी गेली तर हर्षदाला पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरुवात. आणि तिसावं वर्ष लांब नव्हतं.

हर्षदाने चौकशीबाईला फोन लावला, तो खाटेवर, मामाच्या उशीजवळ ठेवला आणि आवाज मोठा केला.

"नमस्कार, हर्षदाताई," चौकशीबाई म्हणाली. "मामा बरे आहेत का?"

"माझी निवड रद्द करा."

"हर्षे!" मामा ओरडला, पण ओरडायला श्वास पुरला नाही.

"हर्षदाताई, ऑगस्टची तारीख तुमच्यासाठी राखलेली आहे. रद्द केल्यास पुढची दोन वर्षं तुम्हाला आमच्याकडे अर्ज करता येणार नाही. विचार करायला वेळ हवा आहे का?"

"नको."

"कारण काय नोंदवू?"

मामाने तिचा हात धरला होता. त्याची पकड अजून घट्ट होती, वाद्याच्या छिद्रांवर बोटं दाबून दाबून आलेली. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"नोंदवा," ती म्हणाली. "उमेदवाराचा मामा जिवंत आहे."

चौकशीबाई थांबली. वसतिगृहात थांबली होती तशीच, तेवढीच. मग म्हणाली, "नोंदवलं," आणि फोन बंद झाला.

मामा तिच्याशी बोलेना. बेबीमावशी येऊन त्याची बाजू घेऊन भांडून गेली, मग स्वयंपाकघरात जाऊन हर्षदाला पोटाशी धरून रडली. मामीने त्या दिवसापासून गोळी दिली की मामाचं तोंड उघडून जिभेखाली पाहायला सुरुवात केली. "घोड्याचे दात बघतीस काय?" असं एक दिवस मामा म्हणाला, तेव्हा घरात सगळ्यांना कळलं की राग गेला.

हर्षदाने बार्शीतच काम धरलं. डाळमिलच्या यंत्रांची देखभाल. कपडे तेलकट व्हायचे आणि मुलाखत एका माणसाने घेतली होती, चहा पिता पिता, उभ्या उभ्या. इंजिनिअर होऊन डाळीत गेली, असं लोक म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. कधी कधी पुण्याच्या बसवर नजर जायची, आणि मनात काहीतरी दुखायचं, आणि ते खोटं होतं असं नाही.

पुढच्या वर्षी रज्जाकचाचांच्या नातीच्या लग्नात मामाने क्लॅरिनेट वाजवली. खुर्चीवर बसून, एकच गाणं. दोन जागी श्वास तुटला. बाया रडायच्या त्या रडल्याच.

ज्ञानू बाबू अवघडे २१ फेब्रुवारी २०४४ रोजी, रविवारी सकाळी, बार्शीत राहत्या घरी वारले. यंत्राने काढलेल्या पहिल्या तारखेला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. हर्षदा त्या वेळी घरातच होती.